आधी व्याज, मग पडदा

क्रेडिट कार्डाचा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला आणि त्याच्या सभासदांना शहरातल्या ठरावीक रेस्टॉरंटांत आज जेवून पैसे महिन्याअखेरीस देण्याची मुभा मिळाली. आधी भोग, मग भरणा, हा या धंद्याचा मूळ करार. त्यात लबाडी काही नव्हती. जेवण पोटात गेलेले असायचे आणि बिल कागदावर असायचे, त्यामुळे बिल कितीही मोठे निघाले तरी निदान ढेकर तरी आपल्या हक्काची होती. गेल्या काही वर्षांत मात्र या कार्डांचा एक असा उपयोग निघाला आहे की डायनर्स क्लबच्या संस्थापकांनाही तो ऐकून चमचा खाली ठेवावासा वाटला असता. नाटकाची, संगीतिकेची किंवा मोठ्या गायकाच्या कार्यक्रमाची तिकिटे सर्वांना खुली होण्याच्या एक-दोन दिवस आधी अमुक बँकेच्या तमुक कार्डावर मिळतात. याला प्रीसेल म्हणतात. कार्यक्रम सहा-आठ महिन्यांनी असतो आणि पैसे आजच्या आज जातात. म्हणजे ज्या वस्तूचा शोध ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ यासाठी लागला, तिच्याकडून आपण ‘आत्ता द्या, नंतर बघा’ हे काम करून घेतो, आणि वर तिला सवलत म्हणतो. या सवलतीसाठी माणसे नवे कार्ड काढतात. पॅन, आधार, पगाराच्या पावत्या देतात, बँकेच्या मुलीशी फोनवर आईचे माहेरचे आडनाव बोलतात. हे सारे कशासाठी, तर तिसऱ्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्यांसाठी.

या व्यवहारात नेमका कोण कोणाला उधार देतो, हे एकदा कागद-पेन्सिल घेऊन बघितले पाहिजे. आपल्याकडच्या क्रेडिट कार्डांवर थकबाकीचे व्याज साधारण महिना साडेतीन टक्के असते, म्हणजे वर्षाला बेचाळीस. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. समजा एका जोडप्याने सहा-सहा हजारांची दोन तिकिटे प्रीसेलमध्ये घेतली आणि कार्यक्रम सहा महिन्यांनी आहे. बिल आले की बारा हजार एकदम भरणे जड जाते म्हणून ते दरमहा ‘मिनिमम ड्यू’ भरतात, म्हणजे व्याज, कर आणि मुद्दलाचा पाच टक्क्यांचा तुकडा. पडदा वर जाईपर्यंत त्यांनी नुसत्या व्याज आणि करापोटी अडीच हजारांच्या वर घातलेले असतात, आणि नायक रंगमंचावर येतो त्या क्षणी मुद्दलापैकी पावणेनऊ हजार अजून उरलेलेच असतात. म्हणजे शोकांतिका पाहायला जाणारा प्रेक्षक आधीच भूमिकेत शिरलेला असतो. शिवाय एकदा थकबाकी राहिली की पुढच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. मध्यंतरातला वडा कार्डावर घेतला तर त्याच्यावरही पहिल्या घासापासून व्याज. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये हे व्याज वर्षाला तीस टक्क्यांच्या वर जाऊ नये असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द ठरवला, त्यामुळे त्या बाजूनेही दिलासा उरलेला नाही.

आता दुसरी बाजू. त्या सहा महिन्यांत आपले बारा हजार असतात कुठे? निर्मात्याकडे, नाट्यगृहाकडे किंवा तिकीट कंपनीकडे, कोणाच्या तरी खात्यात ते आरामात पडलेले असतात. आपल्याला त्यावर दमडीचे व्याज मिळत नाही. ब्रॉडवेवर तर आगाऊ विक्रीचा आकडा हीच जाहिरात असते. ‘मिस सायगॉन’ ही संगीतिका एप्रिल १९९१ मध्ये न्यूयॉर्कला उघडली, तेव्हा पहिला अधिकृत प्रयोग होण्याआधीच तिची तीन कोटी डॉलरहून अधिक रकमेची तिकिटे खपली होती आणि त्या आकड्याची बातमी नाटकाच्या परीक्षणाआधी छापून आली होती. प्रीसेल बहुतेक वेळा तालमी सुरू होण्याच्याही आधी असते. समीक्षकांनी काही लिहिलेले नसते, शेजाऱ्याने पाहून नाक मुरडलेले नसते, दुसरा अंक कदाचित अजून कापला जायचा असतो. प्रेक्षक अशा वेळी केवळ नावावर पैसे टाकतो. धंद्याच्या भाषेत यालाच उधार देणे म्हणतात. म्हणजे प्रीसेलचे कार्ड बाळगणारा हा जगातला एकमेव सावकार आहे, जो बेचाळीस टक्क्यांनी कर्ज काढून शून्य टक्क्याने देतो, आणि ही संधी आपल्याला इतरांच्या आधी मिळाली म्हणून छाती फुगवतो. माझे म्हणणे एवढेच आहे. या कार्डाने तिकीट स्वस्त होत नाही, नाटक चांगले होत नाही, खुर्चीही पुढे सरकत नाही. सरकते ती फक्त पैसे देण्याची तारीख, आणि ती आपल्या अंगावर सरकते.

या सगळ्या प्रकाराला दैवाने एक नाटकही अगदी शोभेसे दिले. लिन-मॅन्युएल मिरांडा यांची ‘हॅमिल्टन’ ही संगीतिका ऑगस्ट २०१५ मध्ये ब्रॉडवेवर आली आणि तिकिटांसाठी अभूतपूर्व धावपळ सुरू झाली. तिचा नायक अलेक्झांडर हॅमिल्टन हा अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री. राष्ट्राची पत कशी उभी करायची यावर त्याने १७९० मध्ये काँग्रेसपुढे अहवाल मांडला. बँका काढल्या, कर्जे एकत्र केली, आणि शेवटी दहा डॉलरच्या नोटेवर जाऊन बसला. सार्वजनिक कर्जाच्या जनकावरचे नाटक बघायला कर्जाचे कार्ड काढावे लागणे, याला अभ्यासदौराच म्हटले पाहिजे. ‘हॅमिल्टन’ २०१६ मध्ये न्यूयॉर्कबाहेर शिकागोला गेले, तेव्हा तिकिटे आधी अमेरिकन एक्स्प्रेसच्या कार्डधारकांना खुली झाली आणि बाकीच्या शहराचा नंबर नंतर लागला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मूळ प्रयोगात सर्वांत महाग तिकिटाची किंमत ८४९ डॉलरवर नेण्यात आली. पण गंमत अशी की त्याच थिएटरात पुढच्या रांगेतल्या काही खुर्च्या रोज सोडतीने दहा डॉलरला मिळत, म्हणजे हॅमिल्टनच्या चित्राची एकच नोट. ज्याच्याकडे नुसते नशीब होते तो दहा डॉलरमध्ये नायकाच्या घामाचे थेंब मोजत बसे आणि ज्याच्याकडे उत्तम पत होती तो त्याच्या मागे बसून मासिक हप्ते मोजे. लॉटरीला कोणी सुसंस्कृत माणूस चांगले म्हणत नाही, पण लॉटरीवाल्याने निदान कोणाचे पगारपत्रक मागितले नव्हते.

आता ‘आधी’ या मालाकडे बघू. बाजारातला बहुतेक माल जास्त लोकांनी घेतला तर स्वस्त होतो किंवा निदान तसाच राहतो. ‘आधी’ हा एकच माल असा की तो जास्त लोकांनी घेतला की नाहीसा होतो. फ्रेड हर्श नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ‘सोशल लिमिट्स टू ग्रोथ’ या पुस्तकात याच जातीच्या वस्तूंचा विचार केला. काही गोष्टींचे मोल त्या इतरांकडे नसण्यातच असते, असा त्याचा मुद्दा. बँकेचा धंदा मात्र नेमका उलटा आहे. तिला कार्डे वाटायची असतात, जितकी जास्त तितकी बरी. भारतात २०२४ च्या सुरुवातीला क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. म्हणजे एकाच वेळी बँक आपल्याला सांगते की तुम्ही निवडक आहात आणि मॉलच्या सरकत्या जिन्यापाशी टेबल मांडून उरलेल्या जगालाही निवडक करत असते. सप्टेंबर २०२४ मध्ये दिलजित दोसांझच्या भारत दौऱ्याची तिकिटे एचडीएफसी बँकेच्या पिक्सेल कार्डवाल्यांना सर्वांच्या दोन दिवस आधी खुली झाली. त्याच महिन्यात कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची विक्री उघडली, तेव्हा बुकमायशोच्या म्हणण्यानुसार एक कोटी तीस लाखांहून अधिक लोक एकाच वेळी रांगेत होते. अशा गर्दीत ज्या दिवशी निम्म्या लोकांच्या खिशात तेच कार्ड असेल, त्या दिवशी दोन दिवस आधीची रांग ही खरी रांग होईल आणि मग त्या रांगेच्या आधीच्या रांगेसाठी काळे कार्ड निघेल. निघालेही आहे. परदेशात आता प्लॅटिनमवाल्यांची वेळ वेगळी, साध्या कार्डवाल्यांची वेगळी, ‘पडताळणी झालेल्या चाहत्यां’ची वेगळी, थिएटरच्या वर्गणीदारांची वेगळी. आपल्या लग्नातल्या पंगतींसारखे हे आहे: पहिली पंगत व्याह्यांची, दुसरी पाहुण्यांची, तिसरी शेजाऱ्यांची, आणि ‘सर्वसाधारण विक्री’ म्हणजे वाढप्यांची, जेव्हा पातेल्यात फक्त कढीपत्ता उरलेला असतो.

कढीपत्तासुद्धा उरत नाही, याचा पुरावा अमेरिकेने दिला. टेलर स्विफ्टच्या ‘एराज’ दौऱ्याची विक्री नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. आधी पडताळणी झालेले चाहते, त्यांच्या पाठोपाठ कॅपिटल वन बँकेचे कार्डधारक, आणि मग शुक्रवारी आम जनता, असा बेत होता. पहिल्याच दिवशी तिकीटमास्टरची यंत्रणा कोलमडली, वीस लाखांहून अधिक तिकिटे एका दिवसात गेली, आणि शुक्रवारची आम विक्री रद्दच करण्यात आली, कारण विकायला पुरेसा माल शिल्लक नव्हता. पुढे जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे या प्रकरणाची सुनावणी झाली. हा कार्यक्रम नाटकाचा नव्हता, गाण्याचा होता, हे खरे. पण तत्त्व तेच. विशेष दार इतके रुंद झाले की मुख्य दार उघडण्याची गरजच राहिली नाही. अशा वेळी विशेष दाराला विशेष म्हणत राहणे हा निव्वळ शिष्टाचार आहे.

मराठी प्रेक्षकाला यात नवे काही वाटू नये, कारण आपल्याकडे प्रीसेल फार जुनी आहे. तिला ओळख म्हणतात. शिवाजी मंदिर असो, गडकरी रंगायतन असो की बालगंधर्व रंगमंदिर, खिडकी उघडण्याच्या वेळी पहिला नंबर लावून उभ्या असलेल्या माणसापुढे प्लॅन सरकवला जायचा, तेव्हा त्यातल्या पहिल्या तीन रांगांवर आधीच फुल्या असायच्या. त्या फुल्या कोणाच्या, हे विचारायचे नसते. कोणी निर्मात्याच्या मेहुण्याच्या, कोणी वीज मंडळातल्या साहेबांच्या, कोणी ‘प्रेस’च्या. त्यातल्या काही खुर्च्या तिसऱ्या घंटेनंतरही रिकाम्या असतात आणि पाचव्या रांगेतला माणूस अंधार झाल्यावर वाकत वाकत तिकडे जातो, हा तर प्रयोगाचाच भाग आहे. कार्डाच्या समर्थनार्थ सर्वांत दमदार युक्तिवाद इथूनच निघतो, आणि तो मान्य करायला हवा. ओळख ही जन्माने, जातीने, कचेरीने मिळते. कार्ड कोणालाही मिळते. बुकिंगवर बसलेल्या माणसाशी सलगी करण्याची कला ज्याला अवगत नाही, त्या संकोची माणसाला कार्डाने निदान समान संधी दिली. हे खोटे नाही. फक्त ‘कोणालाही’ या शब्दाखाली बारीक अक्षरे आहेत. ज्याचा पगार खात्यात जमा होतो, ज्याचा सिबिलचा आकडा सातशेच्या पुढे आहे, ज्याचे मागचे सगळे हप्ते वेळेवर गेले आहेत, असा कोणीही. रोजंदारीवरचा बॅकस्टेजचा कामगार, पेन्शनवरची आजी, वसतिगृहातला विद्यार्थी हे त्या ‘कोणीही’त बसत नाहीत. आणि नाटकाच्या इतिहासात डोळे लावून नाटक पाहिले असेल तर याच तिघांनी. ओळखीच्या जुन्या पद्धतीत अन्याय होता, पण तो अन्याय करणाऱ्याला निदान थोडी लाज वाटायची आणि तो नजर चुकवायचा. कार्डाच्या पद्धतीत अन्यायाला रिवॉर्ड पॉइंट मिळतात.

‘पण माझे कार्ड फुकट आहे, वार्षिक फी नाही, बिल मी दर महिन्याला पूर्ण भरतो, व्याजाचा एक पैसा देत नाही, मग माझे काय गेले?’ हा आक्षेप शिस्तीच्या माणसाचा आहे आणि त्याला सहज उडवता येणार नाही. त्याचे खरोखर काही जात नाही. जाते ते इतरांचे. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर दुकानदार किंवा तिकीट विकणारा बँकेला दीड-दोन टक्के, कधी त्याहून जास्त देतो, आणि तो काही ते स्वतःच्या खिशातून देत नाही. तो दर ठरवतानाच ते धरतो, म्हणजे खिडकीवर रोख देणाऱ्यालाही तोच चढा दर पडतो. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये या गोष्टीचा हिशेब मांडला होता. अमेरिकेत रोखीने खर्च करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्या कुटुंबांकडे नकळत सरकवते, आणि कार्डवाले सरासरी कुटुंब वर्षाला १,१३३ डॉलर मिळवते, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे शिस्तीच्या माणसाच्या पहिल्या रांगेचे पैसे शेवटच्या रांगेतला माणूस भरतो आणि त्याला ते माहीतही नसते. आणि फुकट कार्डाबद्दल म्हणाल, तर फी नसलेले कार्ड सर्वांत जास्त लोकांकडे असते, त्यामुळे त्याची रांगही सर्वांत लांब असते. लहान रांग हवी असेल तर मोठी फी. अमेरिकन एक्स्प्रेसच्या प्लॅटिनम कार्डाची अमेरिकेतली वार्षिक फी २०२५ मध्ये ८९५ डॉलरवर गेली. एवढ्या पैशांत ब्रॉडवेच्या बऱ्याच चांगल्या नाटकांची चार-पाच तिकिटे कोणत्याही दिवशी, कोणत्याही ओळखीशिवाय, खिडकीवर मिळतात. पण खिडकीवर विमानतळाच्या लाउंजमधले गार पोहे मिळत नाहीत, हे मान्य.

दुसरा आक्षेप काळाबाजाराचा. प्रीसेल नसती तर सगळी तिकिटे दलालांच्या संगणकी बॉटनी क्षणात उचलली असती, कार्ड निदान माणसाचे तरी असते, असे म्हणतात. बॉटचा उपद्रव खरा आहे. ‘हॅमिल्टन’च्या वेळी तो इतका वाढला की स्वतः मिरांडा यांनी २०१६ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून कायद्याची मागणी केली आणि त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत बॉटविरोधी केंद्रीय कायदा झालाही. पण दलालाकडे कार्ड नसते असे समजणे म्हणजे चोराकडे पिशवी नसते असे समजणे. उलट त्याचीच पत सर्वांत चोख असते, कारण तो धंद्यासाठी कार्डे वापरतो आणि बिल वेळेवर भरतो. काळ्याबाजारावरचा खरा उपाय लंडनने करून दाखवला. व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरात डिसेंबर २०१७ मध्ये ‘हॅमिल्टन’ आले तेव्हा कागदी तिकीटच नव्हते. ज्या कार्डाने पैसे भरले तेच कार्ड घेऊन स्वतः दारात यायचे, ते यंत्रात सरकवायचे आणि आत जायचे. कार्ड कोणत्याही बँकेचे चालत होते. म्हणजे दलालाला रोखायचे असेल तर विकत घेणारा आणि आत बसणारा एकच आहे ना, एवढे पाहावे लागते, आणि त्यासाठी त्याला दोन दिवस आधी बोलवायची काही गरज नसते. दोन दिवसांची भेट दलालाला अडवत नाही, ती बँकेला ग्राहक देते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो नाट्यसृष्टीच्या बाजूने येतो. नाटक हा तोट्याचा धंदा. ब्रॉडवेवर पाचातले एखादेच नाटक घातलेले भांडवल परत मिळवते असे तिथले लोक सांगतात. मग एखादी बँक जाहिरातीचा खर्च उचलत असेल, त्या बदल्यात चार खुर्च्या आधी मागत असेल, तर बिघडले कुठे? काही बिघडले नाही, हे मी मान्य करतो, आणि प्रेक्षकाच्या उतावळेपणातून चांगल्या कामाला पैसा उभा करण्याची परंपराही मोठी आहे. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ मध्ये उघडला. तो बांधायला पैसे कमी पडत होते म्हणून तेराशेच्या आसपास खुर्च्या शंभर-शंभर पौंडांना ९९९ वर्षांच्या कराराने विकल्या गेल्या. ती जगातली सर्वांत लांब मुदतीची प्रीसेल, अजून आठशेच्या वर वर्षे बाकी आहेत. त्यातल्या खुर्च्यांच्या आजच्या मालकांनी आपली तिकिटे भाव चढवून बाहेर विकावीत की नाही यावर तिथे अजून वाद चालतो, हा भाग वेगळा. आपल्याकडे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्व एकत्र उभे राहिले आणि संयुक्त ‘मानापमान’ झाले, तेव्हा चढ्या दरांच्या तिकिटांसाठी झुंबड उडाली आणि ते उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेले. दोन्हीकडे उतावळ्या प्रेक्षकाच्या खिशातून गेलेला पैसा वास्तूला किंवा देशाला मिळाला. कार्डाच्या प्रीसेलमध्ये तोच उतावळेपणा, पण व्याज बँकेला. नाट्यगृहाला पैसा हवा असेल तर त्याने आपली स्वतःची वर्गणी ठेवावी, जशी लंडनच्या नॅशनल थिएटरची आहे, आणि वर्गणीदाराला आधी तिकीट द्यावे. तो माणूस वर्षभर वर्गणी भरतो म्हणजे पडलेली नाटकेसुद्धा पाहतो. पडलेली नाटके पाहणाऱ्याला गाजलेले नाटक आधी दाखवणे हा न्याय आहे. कार्डवाल्याने फक्त पेट्रोल भरलेले असते.

आणि मुळात इतकी घाई कशाची? नाटकाच्या धंद्याचे जुने गुपित असे की उशिरा येणाऱ्याला ते अनेकदा स्वस्त पडते. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९७३ पासून एक खिडकी आहे, तिथे त्याच दिवशीच्या प्रयोगांची उरलेली तिकिटे निम्म्या दरापर्यंत उतरवून विकतात. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्येही तसेच. म्हणजे सर्वांत आधी घेणारा पूर्ण दराने घेतो, किंवा मागणी पाहून चढवलेल्या दराने, आणि दुपारी चारला उगवणारा निम्म्याने. चाललेले नाटक पळून जात नाही. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ ब्रॉडवेवर १९८८ ते २०२३ अशी पस्तीस वर्षे चालले, जवळजवळ चौदा हजार प्रयोग झाले. त्याच्या पहिल्या आठवड्याचे तिकीट मिळावे म्हणून तडफडलेल्या माणसाला नंतर नातवंडांना घेऊन तेच नाटक पाहता आले. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये षण्मुखानंदमध्ये आपला १२,५०० वा प्रयोग केला. ज्यांच्या प्रयोगांची संख्या अशी पाच आकड्यांत जाते, त्यांचे तिकीट या रविवारी हुकले तर पुढच्या रविवारी वाशीला किंवा कल्याणला मिळते, त्यासाठी पत तपासून घ्यावी लागत नाही. जी नाटके खरोखरच थोडे आठवडे चालतात, पडद्यावरचे मोठे नट घेऊन येतात, तिथे मात्र घाईला अर्थ आहे. २०२५ मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलेनहाल यांच्या ‘ऑथेल्लो’ची तिकिटे ९२१ डॉलरपर्यंत गेली. पण त्याच हंगामात जॉर्ज क्लूनीचे ‘गुड नाइट, अँड गुड लक’ गर्दीने फुटत होते, आणि त्याचा एक प्रयोग ७ जून रोजी सीएनएनने थेट दाखवला. घरात चकल्या खात ज्यांनी तो पाहिला त्यांच्या कार्डावर काही आले नाही. खुद्द ‘हॅमिल्टन’चे मूळ नटसंचातले चित्रीकरण जुलै २०२० मध्ये डिस्नी प्लसवर आले. टीव्हीवरचे नाटक हे नाटक नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि त्याचे बरोबर आहे. समोर उभ्या माणसाचा श्वास पडद्यावरून येत नाही. पण आठशे डॉलर टाकून तेविसाव्या रांगेत खांबामागे बसणाऱ्यालाही तो फारसा येत नाही.

तरीही ज्यांना कार्ड काढायचेच आहे ते काढणार, कारण इतरांच्या आधी आत गेल्याचा आनंद व्याजाच्या कोष्टकात मावत नाही आणि तो मला अमान्यही नाही. त्यांनी फक्त तीन गोष्टी कराव्यात. कार्ड काढण्याआधी ती प्रीसेल आपल्याच कार्डाला आहे की त्याच बँकेच्या वरच्या कार्डाला, हे बारीक अक्षरांत वाचावे. तिकीट घेतले त्याच महिन्यात बिल पूर्ण भरावे, मिनिमम ड्यू नावाच्या सभ्य गृहस्थावर विश्वास ठेवू नये. आणि नाटक पाहून घरी आले, की जेवण्याआधी कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार, थकबाकी नसेल तर बँकेने असे कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद केले पाहिजे, आणि उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला दिले पाहिजेत. या सगळ्या व्यवहारात थांबण्याचे पैसे प्रेक्षकाला मिळण्याची सोय फक्त या एका कलमात आहे.